साडेदहापर्यंत विरघळणारं मीठ

माझ्या मेहुण्यानं मला फसवलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेला, हळू आवाजात बोलणारा, सगळ्यांचा लाडका. त्यानं माझ्या एका हिवाळ्याच्या पहाटा घेतल्या, आपल्या कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये घातल्या आणि जे निघालं त्यावर स्वतःचं नाव टाकलं, माझं नाही. हे आधीच सांगून टाकतो. ते कसं घडलं, एवढंच पुढं लिहिलंय.

मी स्टीलची भांडी बनवतो. स्वयंपाकाची नव्हेत, औषधांच्या कारखान्यांत पाणी आटवायला लागतात ती. टाक्या, कढया, मोठाल्या उथळ चौकोनी पराती. सोळाव्या वर्षी गावाकडून हैदराबादला आलो आणि सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत एका केमिकलच्या दुकानात ॲसिडचे कॅन उचलायला लागलो. तिथं मी तेलुगू शिकलो, दखनी शिकलो आणि भाव करायला शिकलो. भाव करण्यात एकच गोष्ट महत्त्वाची असते. समोरच्याला सगळं एकदम सांगायचं नाही, एक गोष्ट मागं ठेवायची. माल दाखवायचा, पण तो कुठून आणला ते सांगायचं नाही. या एका सवयीवर मी शेड उभी केली, हिमायतनगरात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि वरचं छत माझ्याच नावावर करून घेतलं. याच सवयीनं पुढं घोटाळाही केला, पण त्याच्याकडं नंतर येतो.

माझं सासर जामबागेतलं. तीन पिढ्या सरकारी नोकरी, मास्तरकी आणि वकिली. त्या घरात साडेनऊला जेवण, दहाला बूट, साडेदहाला टेबलाशी, हे घड्याळ कधी चुकलं नाही. लग्न झालं तेव्हा माझ्याकडं दोन वेल्डिंग मशिनं आणि एक जुना टेम्पो होता. सासूबाई वाईट नव्हत्या, पण पाहुण्यांना माझी ओळख करून देताना त्या थोडं थांबायच्या. "जावईबापूंचा स्वतःचा व्यवसाय आहे," एवढंच म्हणायच्या. कसला व्यवसाय, ते कधी सांगितलं नाही. मुलाबद्दल बोलताना मात्र त्यांचं वाक्य संपायचं नाही.

तो परदेशातून परत आला त्या दिवशी सगळे हॉलमध्ये बसले होते. पंख्याखालची आरामखुर्ची सासरे गेल्यापासून रिकामी असायची. वीस वर्षांत मला कुणी तिच्यावर बसा म्हटलं नव्हतं, मीही बसलो नव्हतो. तो आला, बॅग ठेवली आणि सरळ तिच्यावर बसला. कुणाला काही वाटलं नाही. सासूबाईंनी त्याच्या वाटीत साय जास्त घातली. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. मी बोलतो तेव्हा तिची नजर मोबाइलवर असते. मामा बोलायला लागला तसा तिनं मोबाइल पालथा ठेवला. मी ते पाहिलं. त्याच्या हातांकडंही पाहिलं, एक डाग नाही. माझ्या हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे इतके डाग आहेत की नवीन पडलेला कळत नाही.

हेवा वाटला हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. पोट भरल्यावर माणसाला मान लागतो, आणि तो मान त्याला खुर्चीसकट आयता मिळाला होता.

त्याला इथंच एका कंपनीत नोकरी लागली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात उंच पठारावर जमिनीखाली खारट पाणी आहे, आणि त्यात लिथियम आहे. मोबाइलच्या आणि गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते. मिठागरासारखं ते पाणी मोठमोठ्या वाफ्यांत उन्हात ठेवायचं आणि आटवत न्यायचं. कंपनीला तिथं वाफे बांधायचे होते. त्याआधी त्यांना कळायला हवं होतं की पाणी आटत जाताना कोणतं मीठ कधी खाली बसेल.

हे मला सांगताना त्यानं कागदावर रेघा काढल्या. मी म्हटलं, "अरे, पाकासारखं आहे. एकतारी, दोनतारी, मग गोळीबंद. वेळ चुकली की गेलं."

तो हसला. "तसंच, दाजी. फक्त इथं सहा-सात साखरा एकत्र आहेत."

ते मला लगेच समजलं. आधी जिप्सम बसतं, भांड्याला पांढरा थर धरतं. मग आपलं खायचं मीठ. मग पोटॅशचं, मग मॅग्नेशियमचं कडू. लिथियम शेवटपर्यंत पाण्यात टिकायला हवं, कारण ते शेवटच्या घट्ट, तेलकट पाण्यातूनच काढायचं असतं. भीती एकच. पाण्यात सल्फेट जास्त असलं तर लिथियम त्याला आणि पोटॅशला धरून आधीच खाली बसतं. मग आपण ते बाकीच्या मिठाबरोबर फावड्यानं ओढून ढिगावर टाकतो, आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तेच कचऱ्यात जातं. त्याचा प्रोग्राम हेच सांगत होता. पाणी एवढं आटलं की लिथियम खाली बसणार, पुढं जाता येणार नाही. कंपनी विचारात पडली होती, या पाण्याच्या नादी लागावं की सोडून द्यावं.

प्रोग्रामच्या पुराव्याला त्याला खरोखरचं पाणी आटवून पाहायचं होतं. जहाजानं निळे ड्रम आले होते. त्याच्या लॅबमध्ये काचेची भांडी होती, पण ऊन नव्हतं. म्हणून तो माझ्याकडं आला. बायकोनं चहा आणि खारी ठेवली.

"दाजी, तुमच्या पराती आणि छत लागेल. किती घ्याल ते सांगा."

"पैसे नकोत," मी म्हटलं.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या तोंडून तिनं हे कधी ऐकलं नव्हतं.

"मग काय?"

"पराती माझ्या, छत माझं, रोज उठून बघणं माझं. जो कागद छापून येईल त्याच्यावर तुझ्या नावाशेजारी माझं नाव."

त्यानं ताईकडं पाहिलं आणि हसला. "बस? एवढंच?"

तिथंच मला समजायला हवं होतं. इतकी वर्षं बाजारात काढली. समोरचा "एवढंच?" म्हणाला की समजावं, एकतर त्याला किंमत कळलेली नाही किंवा द्यायचीच नाही. पण तो घरचा होता. मी हात पुढं केला. त्यानं हात दिला, वर आईची शपथ घेतली. मी लिहून घेतलं नाही. सुलतान बाजारातल्या कापडवाल्याकडूनही मी चिठ्ठी घेतल्याशिवाय उठत नाही, आणि इथं उठलो.

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोन पराती मांडल्या. एका बंद पडलेल्या डेअरीच्या लिलावात घेतलेल्या, ओरखडे पडलेल्या, पण जाड. दोन्हींत सारखंच पाणी. रोज त्याच्या ऑफिसचा माणूस साडेदहाला यायचा, दोन्हींतून थोडं थोडं पाणी डब्यांत घ्यायचा, चिठ्ठ्या लावायचा आणि जायचा. मी मात्र पाचला उठतो. केमिकलच्या दुकानात होतो तेव्हापासूनची सवय आहे. चहाचा कप घेऊन छतावर जायचो, काचेची तरंगती नळी टाकून पाणी किती घट्ट झालं ते बघायचो, थर्मामीटर लावायचो, परातीच्या तळाशी काय बसलंय ते बोटानं बघायचो आणि वहीत मराठीत लिहायचो. जिभेवरही ठेवायचो. पोटॅश जिभेला चावतं, मॅग्नेशियम नुसतं कडू लागतं. मेहुण्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "दाजी, जीभ हे उपकरण नाही."

"तुझ्या उपकरणाला बॅटरी लागते," मी म्हटलं.

डिसेंबरात थंडी वाढली. एका पहाटे एका परातीच्या कोपऱ्यात, जिथं जुना जोड होता तिथं, लांब पारदर्शक सुया उभ्या दिसल्या. आदल्या दिवशी नव्हत्या. मी झाऱ्यानं उचलून पाहिल्या. बर्फासारख्या स्वच्छ, चवीला थंड आणि किंचित कडवट. दुसऱ्या परातीत काही नव्हतं. साडेदहाला ऑफिसचा माणूस आला तोवर उरलेल्या सुया उन्हात विरघळून गेल्या होत्या. पाणी जसंच्या तसं.

दुकानात असताना हे मीठ मी गोणीनं वाहिलंय. सोडियमचं सल्फेट, थंडीत पाणी धरून सुया होणारं. माझ्या डोक्यात लख्ख झालं. सल्फेट पहाटे आपण होऊन बाहेर येतंय. ऊन चढायच्या आत झाऱ्यानं काढून टाकलं तर ते पाण्यात परत जाणार नाही. सल्फेट नाही तर लिथियमला खाली ओढणारंही कुणी नाही.

त्या दिवसापासून मी एका परातीतून सुया काढायला लागलो. दुसरी तशीच ठेवली, तुलनेला. पण सुया रोज येत नव्हत्या. तेवढीच थंडी, तेवढंच घट्ट पाणी, तरी काही पहाटे परात नुसती आरशासारखी. अशाच एका सकाळी खाली आलो तेव्हा बायको दुधात विरजण लावत होती. मी तिथंच थांबलो. आदल्या दिवशीच्या सुया मी एका स्टीलच्या डबीत फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. चिमूटभर घेऊन वर गेलो आणि परातीत टाकल्या. चहा संपायच्या आत सगळी परात सुयांनी भरून गेली. 

त्या डबीवरून घरात बोलणी झाली. सासूबाई दोन दिवस राहायला आल्या होत्या. त्यांना ती खडीसाखर वाटली आणि त्यांनी मोठा खडा तोंडात टाकला. हे मीठ जुन्या काळी जुलाबाला देत. त्यांनी मला तोंडावर काही म्हटलं नाही. लेकीला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, फ्रीज म्हणजे कारखाना नव्हे."

वहीत मी रोज सगळं लिहीत होतो. किती अंश, नळी किती वर, किती झारे सुया काढल्या. फक्त चिमटीचं लिहिलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं. कागदावर माझं नाव आलं की सांगेन, असं मनात होतं. तोवर त्यांना माझ्याकडं यावंच लागेल.

जानेवारीत त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखा हळू, पण चिडलेला.

"दाजी, तुमच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल होतायत. एका परातीत लिथियम पाण्यातच राहिलंय, वाढत चाललंय. हे शक्यच नाही."

"चिठ्ठ्या तुझा माणूस लावतो."

"प्रोग्राममध्ये असं येतच नाही."

"मग प्रोग्रामला छतावर आण. पहाटे सहाला ये."

"सहाला?" तो हसला. "दाजी, स्वप्नं पडायलीत का तुम्हाला?"

ते 'स्वप्नं' मला लागलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही, पण दखनीत होतं आणि त्यात त्याच्या डॉक्टरेटचा उल्लेख होता. बायकोनं फोन माझ्या हातून घेतला आणि त्याला म्हणाली, "ये रे बाबा उद्या. नाहीतर हे मला जगू देणार नाहीत."

तो आला. कानटोपी, स्वेटर, झोप न उतरलेले डोळे. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी चिमूट टाकली. तो जिना चढून वर येईतो परातीत सुया उगवायला लागल्या होत्या. तो उकिडवा बसला.  कोपऱ्यापासून मध्यापर्यंत त्या सुया सरकत जाताना त्यानं पाहिल्या. मग थर्मामीटर मागितला, पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आम्ही पंचवीस अंश धरलं होतं, दाजी. दिवसरात्र पंचवीस. आणि नमुने घेतले साडेदहाला."

"तुमच्या घराण्यात साडेदहाच्या आधी काही घडतच नाही."

तो मोठ्यानं हसला, खरंखुरं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुम्ही ग्रेट आहात." कठड्याशी बसून आम्ही चहा प्यालो. पहिल्यांदाच तो माझ्याकडं तसा पाहत होता, जसे सगळे त्याच्याकडं पाहतात. त्या सकाळी मला त्याचा हेवा वाटला नाही. तेवढ्या एकाच सकाळी. म्हणून पुढचं जास्त लागलं.

जाताना त्यानं वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. मी पानं उलटत गेलो.

मे महिन्यात शहराच्या पलीकडच्या नव्या भागात एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. कंपनीचे लोक, बाहेरचे पाहुणे, आणि घरच्यांना निमंत्रण. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. मी नवा शर्ट घातला होता. पडद्यावर निळी रेघ आली, ती त्याच्या प्रोग्रामची. आता तिच्यात थंडी होती, ऊन होतं, पहाटे पडणारं मीठ होतं. रेघेवर लाल ठिपके होते, ते माझे. एकेक ठिपका म्हणजे एकेक पहाट. मला ते ओळखू येत होते. बायकोच्या अंगात ताप होता ती पहाट कुठली, ती बोटानं दाखवता आली असती. रेघ ठिपक्यांवरून अशी गेली होती की जणू ठिपके तिच्यासाठीच मांडले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी आभार आले. छापील कागदावर त्याचं नाव, त्याच्या साहेबाचं नाव. खाली बारीक अक्षरात एक ओळ. इंग्रजी मला जेमतेम येतं, पण ती ओळ समजली. छतावरच्या चाचणीसाठी एका स्थानिक फॅब्रिकेटरचं सहकार्य लाभलं. नाव नाही. स्थानिक फॅब्रिकेटर.

मी उभा राहिलो. "ओ डॉक्टरसाब! वो लाल नुक्ते किसके हैं, जरा बोलो तो."

हॉल मागं वळला. तो स्टेजवरून शांतपणे म्हणाला, "प्रश्नोत्तरं शेवटी आहेत, दाजी." पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. 'दाजी' म्हणून त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं, घरचं माणूस आहे, सोडून द्या. मला खाली बसवलं ते बायकोनं नव्हे, मुलीनं. "बाबा, प्लीज," म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. माझ्यासाठी नव्हे, माझ्यामुळं.

गाड्या लावतात तिथं मी त्याला गाठलं.

"शपथ घेतली होतीस तू."

"दाजी, नाव टाकायचे काही नियम असतात. ज्यानं विश्लेषण केलं, मांडणी केली—"

"आणि ज्यानं पाहिलं?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "पाहणं वेगळं आणि समजणं वेगळं."

सुया कुठून येतात ते मला समजलं होतं. सल्फेट काढलं की काय होतं तेही समजलं होतं. त्याला साडेदहाला काहीच दिसत नव्हतं तेव्हा समजलं होतं. हे सगळं तोंडावर आलं होतं, पण सासूबाई काठी टेकत येत होत्या. मी गाडीत बसलो.

 नारायणगुड्याच्या सिग्नलला बायको म्हणाली, "तो चुकलाच. मी त्याला सांगेन. पण तुम्ही तरी कुठं सगळं सांगितलंत? फ्रीजमधल्या डबीचं त्याला माहीत आहे का?"

"तो वेगळा विषय."

"वेगळा कसा?" ती म्हणाली. सिग्नल सुटला. 

पुढच्या हिवाळ्यात कंपनीनं आपल्याच इमारतीच्या गच्चीवर सहा पराती मांडल्या. माझ्याकडून घेतल्या नाहीत. दुसऱ्या कुणाकडून घेतल्या, आरशासारख्या गुळगुळीत. त्या टेम्पोतून उतरवत होते तेव्हा मी जाऊन पाहून आलो. कोपऱ्यांचे जोड घासून साफ केलेले होते, दिसायला सुंदर. माझ्या जुन्या परातीचा तो खडबडीत कोपरा, जिथं पहिली सुई उगवली, तसा कोपरा त्यांच्याकडं एकही नव्हता. आणि विरजण तर नव्हतंच.

सुया आल्या नाहीत. प्रोग्राम म्हणत होता अमुक थंडीला पडणार, आणि पाणी त्या थंडीला नुसतं पडून होतं. मग कधीतरी भलत्याच वेळी, कुणी बघत नसताना, सगळं एकदम बसायचं आणि ऊन चढलं की जायचं. सल्फेट पाण्यातच राहिलं. लिथियम खाली बसलं आणि मिठाबरोबर गोळा होऊन बाहेर फेकलं गेलं. हे मला बायकोकडून कळलं. तो तिला फोन करायचा.

"विचारत होता, तुमच्या वहीत काही राहून गेलंय का."

"त्यालाच मला विचारू दे. माझा नंबर आहे त्याच्याकडं."

"तुम्ही ओरडता."

"ओरडेन. मग सांगेन."

त्यानं मला विचारलं नाही. एक फोन. "दाजी, काय करायलात तुम्ही जे आम्ही करत नाही?" एवढं एक वाक्य. ते त्याच्या तोंडून ऐकायला मी थंडीभर वाट पाहिली. डबीत मीठ ताजं ठेवलं, वाळून पीठ झालं की बदललं. त्यानं विचारलं असतं तर मी पहिल्या वाक्यालाच सांगून मोकळा झालो असतो. भाव केला नसता. हे माझं मलाही नवल वाटतं, पण खरं आहे.

फोन आला नाही. मार्चमध्ये अहवाल आला. मुलगी मामाच्या प्रोग्रामवर कॉलेजचा प्रोजेक्ट करत होती, म्हणून तिला तो मिळाला. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून वाचत होती. माझी वही तिनं एकदा वाचायचा प्रयत्न केला होता. "बाबा, तुमचं अक्षर मला लागतच नाही," म्हणून ठेवून दिली होती. मराठी ती बोलते, वाचताना अडखळते. इंग्रजी मात्र पाण्यासारखं. वाचता वाचता ती थांबली.

"काय झालं?"

"काही नाही."

"वाच."

तिनं वाचलं, मग मराठीत सांगितलं, शब्द शोधत. दुसऱ्या हिवाळ्यात प्रोग्राम जुळला नाही. त्याचं संभाव्य कारण, पहिल्या हिवाळ्यातल्या छतावरच्या नोंदी. त्या अप्रशिक्षित व्यक्तीनं घेतल्या होत्या. त्यामुळं त्या विश्वासार्ह नसाव्यात. पुढच्या कामात त्या वगळाव्यात.

बायकोनं पोळी तव्यावरच ठेवली. मुलगी माझ्याकडं बघत होती. ती वाट बघत असावी, मी आता ताट फेकणार. मी फेकलं नाही. मी उठलो, कपाटातून वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"मला वाचता येत नाही, बाबा."

"मी वाचतो. तू टाइप कर."

रोज जेवणानंतर तास-दीड तास आम्ही बसलो. अंश, नळी, झारे. ती पहिल्यांदा मला प्रश्न विचारायला लागली. "या दिवशी सुया आल्या, या दिवशी नाही. थंडी तर तेवढीच. असं का?" तिच्या मामानं हा प्रश्न विचारायला हवा होता. प्रत्येक पानाचा फोटो त्याच्याकडं आहे. मी उठून फ्रीज उघडला आणि डबी तिच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. तिनं डबी उघडून एक सुई बोटावर घेतली. मग म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंच नाही."

"नाही लिहिलं."

"का?"

मी सांगितलं का. तिनं मान खाली घालून तेही टाइप केलं.

तेव्हा माझ्या वाट्याचं इथं लिहून ठेवतो. चिमूट मी लपवली. त्यामुळं सहा पराती फुकट गेल्या आणि एक अख्खा हिवाळा फुकट गेला, त्याचा दोष माझ्याकडं आहे. पण वहीत जे लिहिलंय त्यातला एकही आकडा खोटा नाही. एक गोष्ट कमी आहे, खोटी एकही नाही. विश्वासार्ह नाही असं कुणी म्हणायचं असेल तर त्यानं आधी पहाटे उठावं.

आता त्याच्या वाट्याचं. ठिपके जुळले तेव्हा ते त्याच्या प्रोग्रामचे होते आणि मी स्थानिक फॅब्रिकेटर होतो. जुळले नाहीत तेव्हा तेच ठिपके माझे झाले आणि मी अप्रशिक्षित व्यक्ती झालो. कागदावर यायला मला नाव नव्हतं. दोष द्यायला मात्र मी बरोबर सापडलो. हे दोन्ही कागद एकाच माणसानं लिहिले, एकाच टेबलाशी बसून, आईची शपथ घेताना मला दिलेल्या त्याच हातानं.

मला पैसे नकोत, तेव्हाही नको होते. आरामखुर्ची नको, ती त्यालाच लखलाभ. पराती मी पुन्हा मांडल्या आहेत, पहिल्या दोन्ही, ओरखड्यांसकट. शेवटचा निळा ड्रम अजून माझ्याच छतावर आहे. डबी फ्रीजमध्ये आहे. डिसेंबर आला की त्यानं दोन्ही कागद घेऊन यावं आणि माझ्या मुलीसमोर, परातीशी उकिडवं बसून सांगावं, ते लाल ठिपके कुणाचे आहेत. एकदा माझे आणि एकदा त्याचे, असं चालणार नाही. एकच उत्तर द्यावं, आणि जे देईल ते छापून द्यावं.

पहाटे सहाला यावं. साडेदहाला आला तर दार उघडणार नाही.